मॅडम, प्रयोग फसला पण मजा आली!

आमच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साठतात, गाडीच्या डिकीत वायरचे तुकडे, फुटके फुगे आणि कशालाच न बसणारे स्क्रू साठतात तसे!

काम तसं साधं आहे. ज्या शाळांत प्रयोगशाळा नावाची खोलीच नाही, अशा शाळांमधल्या विज्ञान शिक्षकांना आम्ही ट्रेनिंग देतो. हाताशी असेल त्या वस्तूतून प्रयोग कसा करायचा, बस्स, एवढंच. आमची संस्था नाशिकची, पण अर्धा आठवडा आम्ही जिल्ह्यात कुठेतरी फिरत असतो. आम्ही म्हणजे दोघं. एक मी, कधीकाळची ज्युनिअर कॉलेजची फिजिक्सची मॅडम. दुसरे शिरसाठ सर, हायस्कूलमधून रिटायर झालेले, आवाज असा की हॉलवाले आम्हाला माइकचं विचारतसुद्धा नाहीत.

घरी आले की माझा नवरा "कसं झालं?" असं कधीच विचारत नाही. तो विचारतो, "आज काय बिघडलं?" आणि त्याचंही बरोबरच आहे. नीट पार पडलेल्या प्रयोगाचा कधी किस्सा होतो का?

०००

अगदी सुरुवातीचा किस्सा पेठ तालुक्यातल्या एका शाळेतला. मुख्याध्यापकांनी आमचं स्वागत केलं आणि थेट ऑफिसातल्या कपाटाकडे नेलं.

"हे आमचं सायन्स किट. देणगीत मिळालंय. आलं त्या दिवसापासून आजपर्यंत एक वस्तू फुटू दिली नाही!"

शिरसाठ सरांनी विचारलं, "वापरलं कधी?"

"अहो सर, वापरलं तर फुटणार नाही का?"

बराच वेळ किल्ली शोधून झाली. कपाट उघडलं, आतून एक मोठं खोकं निघालं. वर झाकण, झाकणावर चिकटपट्टी, सगळं कसं नव्यासारखं. फक्त मागच्या बाजूला एक गोल भोक. सरांनी झाकण उचललं, आत वाकून बघितलं आणि ते आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

"मॅडम, सगळ्यांना सांगा, आवाज करू नका."

टेस्ट ट्यूबभोवती गुंडाळलेल्या कापसात उंदराची पिल्लं होती. गुलाबी, डोळे मिटलेली, एकमेकांना चिकटून झोपलेली. त्या दिवशीचा विषय होता चुंबक. सरांनी चुंबक खिशात टाकलं, शाळेतल्या पोरांना रांगेने बोलावलं आणि तिथेच ऑफिसात सस्तन प्राण्यांचा तास घेतला. पोरं श्वास रोखून बघत होती. इतका शांत वर्ग मी कॉलेजातही पाहिलेला नाही.

मुख्याध्यापकांचा चेहरा आधी पडला होता. पण तास रंगला तसे ते सावरले, आणि शेवटी सगळ्या शिक्षकांकडे वळून म्हणाले, "बघा! तुम्ही उगाच म्हणता. किट वापरात होतं!"

०००

दिंडोरीच्या बाजूला एकदा कार्बन डायऑक्साइडचा प्रयोग होता. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर. सोडा होता, व्हिनेगर घरी राहिलं. गावातल्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "ते चायनीजच्या गाडीवर बघा." चायनीजची गाडी संध्याकाळी लागणार!

शिरसाठ सर मेडिकलमध्ये गेले आणि पित्तावरच्या फसफसणाऱ्या पावडरच्या मूठभर पुड्या घेऊन आले. "यात सगळं आहे. फक्त पाणी घाला."

पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे बसले होते. एक वयस्कर साहेब. त्यांची उद्घाटनानंतरच डुलकी लागली होती आणि समोर ठेवलेला चहा थंड होत होता. सरांनी बाटलीत पाणी घेतलं, सगळ्या पुड्या एकदम ओतल्या आणि बूच घट्ट दाबून बाटली टेबलावर ठेवली.

काही झालं नाही. सगळे बघतायत, बाटली नुसती फसफसतेय. त्या शांततेनेच बहुतेक साहेबांना जाग आली. बाटलीकडे बघून ते जरा कडक आवाजात म्हणाले, "काहीच होत नाहीये. याचा निष्कर्ष काय?"

धाड!

बूच गेलं छताला, तिथून पंख्याच्या पात्याला, आणि तिथून टप्पकन साहेबांच्या चहात! सगळा हॉल गार पडला. मी मनातल्या मनात पुढच्या सगळ्या ट्रेनिंगवर पाणी सोडलं. साहेबांनी कपात बघितलं. दोन बोटांनी बूच बाहेर काढलं. मग बाटलीकडे बघितलं, टेबलावरच्या रिकाम्या पुड्यांकडे बघितलं आणि पोटावर हात ठेवून अत्यंत काळजीच्या सुरात विचारलं,

"म्हणजे हे रोज माझ्या आत होतं?"

०००

नामपूरला गेलो तेव्हा विषय होता तरंगणं आणि बुडणं. टबात पाणी, टेबलावर लिंबू, बटाटा, खोडरबर आणि कांदा. आमचा नियम असा की वस्तू पाण्यात टाकायच्या आधी प्रत्येकाने अंदाज सांगायचा, आणि तोही कारणासकट.

लिंबू, बटाटा, खोडरबर सुरळीत पार पडले. मग मी कांदा उचलला. आता तुम्हीच विचार करा, नामपूरसारख्या गावात, जिथे निम्म्या शिक्षकांच्या घरी कांदा साठवायची चाळ आहे, तिथे मी कांदा उचलला!

देवरे सर म्हणाले, "तरंगणार."

पगार आडनावाच्या मॅडम म्हणाल्या, "कुठला कांदा त्यावर आहे. लाल असेल तर तरंगेल. उन्हाळ कडक असतो, तो बुडणार."

"उन्हाळ पण तरंगतो!"

"तुमचा तरंगत असेल. आमचा भरीव असतो!"

झालं! हा आता घनतेचा प्रश्न राहिला नाही, घराण्याचा झाला. कुणी मोटारसायकलच्या डिकीतून कांदे आणले, कुणी घरून मागवले. बघता बघता टबात पाणी दिसेना. बहुतेक कांदे मजेत तरंगत होते. एक मात्र तळाला जाऊन बसला, तो नेमका पगार मॅडमचा. त्यांनी अशा नजरेने सगळीकडे बघितलं की जणू पोरगी बोर्डात पहिली आली!

तिथून गाडी घसरली. कुणाची चाळ सडली, कुणी घाईने विकला, परवा बाजारात काय भाव निघाला. मी ओरडतेय, "घनता! घनता!" पण ऐकतंय कोण. शिरसाठ सरसुद्धा मला सोडून कांदा किती दिवस टिकतो ते विचारायला लागले.

शेवटी मी हात जोडले. "कुणीतरी निष्कर्ष सांगा हो, आणि पुढे जाऊ."

मागच्या रांगेतून सोनवणे सर उठले. रिटायरमेंटला आलेले, सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते. शर्ट नीट केला, घसा खाकरला.

"कांदा पाणीमा तरंगस, बाजारमा बुडस!"

मला अहिराणी फारशी येत नाही. पण त्या दिवशी दुभाषी लागला नाही.

०००

देवळाली कॅम्पजवळच्या एका शाळेतला हा किस्सा मी स्वतःहून कधी सांगत नाही. पण शिरसाठ सर सांगतातच, आणि मसाला लावून सांगतात. त्यापेक्षा मीच सांगितलेला बरा.

तिथे आम्हाला शिक्षकांसमोर मुलांचा नमुना तास घ्यायचा होता. विषय ध्वनी. मी फळ्याजवळ उभी. समोर मुलं, मागे भिंतीला टेकून शिक्षक. मी छान रंगात येऊन म्हणतेय, "आवाज म्हणजे काय? तर कंपन. आता आपण एकदम शांत राहू आणि कानावर काय पडतं ते ऐकू..."

धडाम्!

खिडक्यांची तावदानं थरथरली. फळ्यावरचा खडू खाली पडला. आणि मी? मी टेबलाखाली! कशी गेले, कधी गेले, मला आजही सांगता येणार नाही. पुढचं आठवतं ते एवढंच की मी दोन्ही कानांवर हात ठेवून बसलेय आणि समोर एका मुलाचे बूट दिसतायत.

वर्गात कुणीही हललं नव्हतं. मागून एक शिक्षिका शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, तोफांचा सराव आहे. रोजचंच आहे. तुमचं चालू द्या."

मी बाहेर आले, साडी झटकली आणि अशा थाटात तास पुढे नेला की जणू ते सगळं पाठाचाच भाग होतं. मुलांना म्हटलं, "बघा, आवाजाच्या कंपनाने खिडक्यासुद्धा हलल्या." मुलांनी माना डोलावल्या. मला वाटलं, निभावलं!

पुढच्या आठवड्यात त्याच शिक्षिकेचा फोन आला. हसण्याने त्यांना बोलता येत नव्हतं.

"मॅडम, आता तोफ वाजली की अख्खा वर्ग बेंचखाली जातो. विचारलं तर म्हणतात, ध्वनीच्या धड्याची कृती आहे!"

०००

एकदा नाशिकला मोठं शिबिर होतं. वेगवेगळ्या तालुक्यांतले शिक्षक, ओळखी नाहीत, सगळे अवघडलेले. अशा वेळी आम्ही बझरचा खेळ घेतो. एक छोटा बझर, आत सेल आणि सर्किट, बाहेर दोन वायरी. वायरींची टोकं दोन जणांनी धरायची आणि बाकीच्यांनी हातात हात घालून मोठा गोल पूर्ण करायचा. अंगातून इतकी किंचित वीज जाते की कुणाला कळतही नाही, पण बझर वाजतो. एकाने जरी हात सोडला तरी बंद!

गोल झाला. बझर वाजेना.

शिरसाठ सरांनी सेल बदलला. वायरी तपासल्या. "सगळ्यांनी नीट धरलंय ना?" सगळे म्हणाले, "हो!" बझर गप्प. मग सर डॉक्टरसारखे एकेकाजवळ जाऊन तपासायला लागले. तुमचा हात ठीक, तुमचा ठीक, तुमचाही ठीक. असं करत करत ते सटाण्याकडच्या अहिरे सर आणि अहिरे मॅडमपर्यंत आले. नवराबायको, एकाच शाळेत शिकवणारे. लांबून बघितलं तर हातात हात. जवळून बघितलं तर मधे मॅडमचा पदर!

"सापडलं!" सर गरजले. "इथे लूज कनेक्शन आहे!"

सगळा हॉल हसायला लागला. अहिरे सर कानापर्यंत लाल झाले. "काही नाही हो सर, जरा सकाळी निघताना थोडं..."

"थोडं?" मॅडम म्हणाल्या.

बाकीचे सगळे हात धरून ताटकळलेले. कुणीतरी ओरडलं, "अहो, धरा लवकर, विज्ञान अडकलंय!" मॅडमनी एक उसासा टाकला. पदर बाजूला केला आणि नवऱ्याचा हात धरला.

टीऽऽऽऽ!

टाळ्या, शिट्ट्या, नुसता जल्लोष. अनोळखी माणसं एका क्षणात एकमेकांची दोस्त झाली. अहिरे सरांचा चेहरा तर असा उजळला की बझरच्या जागी दिवा असता तरी चाललं असतं. ते काही हात सोडेनात.

मॅडम म्हणाल्या, "वाजलं ना? सोडा आता. भांडण संपलेलं नाहीये."

०००

येवल्याच्या शिंदे मॅडम म्हणजे उत्साहाचा नुसता झरा. तंतूंचा पाठ त्यांना इतका आवडला की काय सांगू. धागा चिमट्यात धरून जाळायचा. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास, रेशीम असेल तर केस जळाल्यासारखा, आणि सिंथेटिक असेल तर वितळून टोकाला कडक मणी होतो. पैठणीच्या गावात याहून चांगला पाठ कुठला!

शिंदे मॅडमनी त्या दिवशी नणंदेने वास्तुशांतीला दिलेली साडी नेसली होती. लांब कुठल्यातरी शहरातून आणलेली, "प्युअर सिल्क" म्हणून. त्यांनी हौसेने पदराच्या गोंड्यातला एक धागा काढला आणि काडी लावली.

मणी!

"दुसरा घेऊन बघू," मॅडम म्हणाल्या. दुसराही मणी. तिसराही मणी. मॅडमनी तिन्ही मणी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकले, आणि ते मला काही बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा पर्समध्ये कागदाच्या पुड्या. प्रत्येकीवर नाव. गल्लीतल्या यच्चयावत बायकांच्या साड्यांचे धागे! दुपारी माझा फोन वाजला.

"नमस्कार मॅडम, मी शिंदे मॅडमचा मिस्टर बोलतोय. तुमच्या ट्रेनिंगमध्ये हे शिकवणं गरजेचंच होतं का? ताईने फोन घेणं बंद केलंय. आणि आता ही माझ्या आईच्या शालूकडे बघतेय!"

मला खरंच धडकी भरली. नणंदेपर्यंत ठीक, पण सासूचा शालू म्हणजे काय गंमत आहे? मी शिंदे मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघा, विज्ञान शाळेत ठेवा. घरी जाऊन चहा करा." त्या म्हणाल्या, "बघते."

काही दिवसांनी मिस्टरांचा परत फोन. मी घाबरतच घेतला. "काय झालं हो?"

"काय व्हायचंय! आईने स्वतःच धागा काढून दिला. ती विणकराच्या घरची, तिला कसली भीती. जाळला. केसांचा वास आला. दोघींनी आळीपाळीने वास घेतला आणि एकमेकींना मिठी मारली."

"अरे वा! मग छानच झालं की!"

"कसलं छान, मॅडम? परवा लग्नाला गेलो होतो. आई काडेपेटी घेऊन निघाली होती!"

०००

आता शेवटचा. हा मी कुणालाही सांगते. रिक्षावाल्यालासुद्धा सांगितलाय.

सुरगाण्याकडे मुलींची एक निवासी शाळा आहे. तिथले भोये सर मराठीचे शिक्षक. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांची बदली झाली आणि दुसरं कुणी मिळेना म्हणून विज्ञान यांच्या गळ्यात पडलं. ट्रेनिंगला आले ते कोपऱ्यात बसले. उंच, सडपातळ, मिशा भारदस्त, चेहरा असा की मलाच भीती वाटली.

जेवणाच्या सुट्टीत ते माझ्याजवळ आले आणि ताट हातात धरून उभेच राहिले.

"मॅडम, तुमच्या ओळखी असतील. मला या विज्ञानातून सोडवा."

"का हो?"

"मुली प्रश्न विचारतील म्हणून मला झोप लागत नाही. मी पुस्तक वाचून दाखवतो. डोळे वरच करत नाही. कुणी हात वर केलाच तर रागावतो. एकदा रागावलो की आठवडाभर कुणी काही विचारत नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "मुलींना वाटतं मी लय कडक आहे."

मी त्यांना खुर्ची दिली. म्हटलं, दुपारचं सत्र तरी करून जा.

दुपारी पेरिस्कोप होता. पुठ्ठ्याचं लांब खोकं, वर एक आरसा, खाली एक आरसा, दोन्ही तिरपे. भिंतीआड लपून पलीकडचं बघता येतं. भोये सरांनी जिभेचं टोक बाहेर काढून, अगदी मन लावून खोकं चिकटवलं. डोळा लावला आणि दचकले.

"मॅडम, मला माझ्याच नाकपुड्या दिसतायत!"

आरसा उलटा लागला होता. सगळे हसले, आणि त्यांच्या त्या भारदस्त मिशांच्या आतून तेही खुदकन हसले. आरसा नीट करून खोकं बगलेत मारून ते गेले. मला वाटलं, संपलं. आता हे बदलीच मागणार.

बऱ्याच दिवसांनी त्यांचा फोन आला.

"मॅडम, सातवीच्या मुलींकडून पेरिस्कोप करून घेतले. झाले पण. आता वेगळीच पंचाईत झालीय."

झालं होतं असं. पेरिस्कोप केल्यापासून सर कधीही वर्गाकडे गेले तरी वर्ग चिडीचूप. पुस्तकं उघडी, माना खाली. आधी लांबून दंगा ऐकू यायचा, आता टाचणी पडली तरी कळेल. सरांना वाटलं, आपण फारच कडक झालो की काय! त्यांना वाईट वाटायला लागलं.

मग एके दिवशी व्हरांड्याच्या टोकाशी चप्पल अडकली म्हणून ते थांबले, आणि त्यांना दिसलं. वर्गाच्या खिडकीतून पुठ्ठ्याचं एक खोकं हळूच वर आलं. डावीकडे वळलं. उजवीकडे वळलं. सरांवर येऊन थांबलं आणि सर्रकन खाली गेलं. पाठोपाठ वर्ग गप्प!

"मग? रागावलात?" मी विचारलं.

"रागवायलाच पाहिजे होतं मॅडम. मी ऑफिसात गेलो." सरांचा आवाज एकदम बारीक झाला. "आणि माझा पेरिस्कोप घेऊन आलो."

हा उंच माणूस, शाळेचे शिपाई बघतायत, स्वयंपाकाच्या मावशी बघतायत, आणि हा व्हरांड्यात गुडघ्यांवर बसून, भिंतीला चिकटून, सरकत सरकत खिडकीखाली पोचला. आतून कुजबुज, खिदळणं, सगळं ऐकू येत होतं. सरांनी श्वास रोखला, खोकं खिडकीच्या वर उचललं आणि खालच्या भोकाला डोळा लावला.

नेमकं त्याच वेळी आतूनही खोकं वर आलं. समोरासमोर!

कुणीच हललं नाही. ना इकडचं खोकं, ना तिकडचं.

आतून एका मुलीचा दबका आवाज आला, "काय दिसतंय गं?"

"डोळा."

"कुनाचा?"

"नाय माहीत. पन माझ्यापेक्षा लय घाबरलेला हाय!"